हेमलकशात संगणक शिकवायचा तर

महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडे बोट न्या. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तेथे भामरागडाजवळ एकत्र येतात. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड सुरू होतो. भामरागडच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर हेमलकसा आहे. आलापल्लीहून निघाले तर साठेक किलोमीटरची वाट, आणि तीही बहुतेक सागवानी जंगलातून. पूर्वी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९८२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला.

जगात अनेक तरुण शिक्षण संपल्यावर काही महिने दूरच्या देशात जातात आणि तेथल्या एखाद्या समाजकेंद्रात विनामोबदला संगणक शिकवतात. कोणी केनियात जातो, कोणी पेरूमध्ये, कोणी नेपाळात. पण भाषा वेगळी, जेवण वेगळे आणि वीज बेभरवशाची अशा ठिकाणी शिकवण्याचा अनुभव घ्यायला पारपत्र काढलेच पाहिजे असे नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला हेमलकसा पुरेसे दूर आहे. समजा, पुढेमागे तुम्ही असे स्वयंसेवक म्हणून तिकडे निघालात. पिशवीत काय भरायचे हे घरचे सांगतील. डोक्यात काय भरायचे, त्याचा विचार आपण येथे करू.

पहिली गोष्ट तेथल्या इतिहासातूनच शिकता येते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे झोपडीत राहून दवाखाना चालवू लागले. वीज नव्हती, आणि पावसाळ्यात रस्ताही उरत नसे. पण सर्वांत मोठी अडचण या दोन्हींहून वेगळी होती. आसपासचे माडिया गोंड लोक कपडे घातलेल्या परक्या माणसाला पाहून दूर पळत, आणि जे येत त्यांचे दुखणे डॉक्टरांना कळत नसे, कारण रोगी माडिया बोले आणि डॉक्टर मराठी. औषधांची पेटी जवळ असूनही ‘पोटात कोठे दुखते?’ एवढे विचारता येत नव्हते. म्हणून डॉक्टरांनी आधी माडिया शिकून घेतली. पुढे १९७६ साली तेथे आश्रमशाळा निघाली. त्या शाळेत शिकलेली मुले आज डॉक्टर, वकील, शिक्षक झालेली आहेत. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो तुम्ही वाचलाच असेल.

संगणकाच्या शिक्षकाची गोष्ट डॉक्टरांहून फार वेगळी नाही. फरक इतकाच, की डॉक्टरांकडे एक परकी भाषा होती आणि संगणक-शिक्षकाकडे दोन असतात. मूल घरी माडिया बोलते, पुस्तक मराठीत असते आणि संगणकाच्या पडद्यावरच्या आज्ञा बहुधा इंग्रजीत. म्हणजे ‘सेव्ह’ या कळीचा अर्थ मुलाच्या मनात पोचेपर्यंत तो दोन नद्या ओलांडून जातो. पूर असला की काय होते, ते त्या भागात कोणाला सांगायला नको.

या भाषेच्या प्रश्नाकडे आपण सावकाश येऊ. त्याआधी विजेचे गणित उरकून घेऊ. ते तुम्हांला सहज जमेल.

साधा मांडीवरचा संगणक, म्हणजे लॅपटॉप, चालताना सुमारे ४० वॅट वीज घेतो असे धरा. दहा लॅपटॉप दोन तास चालवायचे तर १० × ४० × २ = ८०० वॅट-तास ऊर्जा लागली. आता इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी घ्या. तिच्यात १२ × १५० = १८०० वॅट-तास मावतात. पण ही बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते. निम्मीच वापरावी, म्हणजे ९०० वॅट-तास. चला, वर्ग झाला! बॅटरी भरायला २५० वॅटचे सोलर पॅनेल लावले आणि स्वच्छ उन्हाचे चार तास धरले, तर १००० वॅट-तास मिळतात. वहीत सगळे जुळले.

पण वही कोरडी असते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच आषाढ-श्रावण येतो. ढग दाटले की त्याच पॅनेलमधून एक चतुर्थांशही वीज मिळत नाही. हवेतला ओलावा संगणकात शिरतो, पितळेच्या आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. आडोसा आणि ऊब शोधत मुंग्या नि पाली यंत्रात घर करतात आणि उंदीर तारा कुरतडतात. वीज कडाडू लागली की भिंतीतले प्लग उपसून ठेवावे लागतात, नाहीतर एका लोळात सारा वर्ग गप्प होतो. यावर एक साधा उपाय जाणती माणसे करतात. पावसाळ्यात यंत्र बंद करून कपाटात ठेवण्याऐवजी रोज थोडा वेळ ते चालू करतात, म्हणजे त्याच्याच उष्णतेने आतला दमटपणा जातो. उन्हाळ्यात उलट पंचाईत होते. चंद्रपूरकडे पारा ४६ अंशांवर जातो तेव्हा यंत्राला थंड करणारा पंखा गरम हवाच आत ओढतो. मग वर्ग सकाळी सातला भरवावा हे बरे.

आणि अजिबात वीज नसेल त्या दिवशी? त्या दिवशीही संगणक शिकवता येतो. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या शिक्षकांनी नव्वदच्या दशकात ‘संगणकाविना संगणकशास्त्र’ अशी खेळांची माळच तयार केली. त्यातला एक खेळ पाहा. पाच मुले ओळीत उभी करा. त्यांच्या हातात १६, ८, ४, २ आणि १ चिंचोके चिकटवलेले पुठ्ठे द्या. पुठ्ठा दाखवला की ‘एक’, पाठ फिरवली की ‘शून्य’. आता शिक्षक म्हणतात, ‘तेरा!’ दुसरा, तिसरा आणि पाचवा पुठ्ठा पुढे येतो: ०११०१. पाच मुले मिळून ० ते ३१ पर्यंतचा कोणताही आकडा दाखवू शकतात. सहावे मूल ३२ चिंचोक्यांचा पुठ्ठा घेऊन आले की ६३ पर्यंत. संगणकाच्या पोटात याहून निराळे काही चाललेले नसते, फक्त तेथे चिंचोके नसतात आणि मुले कोट्यवधी असतात.

इंटरनेट नाही म्हणून अडून बसण्याचेही कारण नाही. पुष्कळ जणांना ‘जाळे’ आणि ‘इंटरनेट’ एकच वाटतात. पण खोलीतले दहा संगणक एका राउटरला जोडले की त्यांचे आपापसांत जाळे झाले. बाहेरच्या जगाशी ते जोडले की त्याचे इंटरनेट होते. पहिले दुसऱ्याशिवाय छान चालते. २०१२ साली इंग्लंडमध्ये ‘रास्पबेरी पाय’ नावाचा तळहाताएवढा संगणक निघाला. पाच-सहा वॅट विजेवर चालणाऱ्या अशा संगणकात अख्खा विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट सुमारे शंभर गिगाबाइटचा होतो. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्याहून पुष्कळ लहान, तो तर सहज मावतो. शहरातून येताना ही शिदोरी भरून आणली की पुरात रस्ता तुटला तरी ग्रंथालय उघडे राहते.

आता एक कठीण प्रश्न. यंत्रे दिली, वीज दिली, ग्रंथालय दिले, तर शिक्षक हवाच कशाला?

हा प्रश्न खरोखर विचारला गेला आहे. १९९९ साली डॉ. सुगत मित्र यांनी दिल्लीत कालकाजी येथे झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला आणि मुलांना मोकळे सोडले. कोणी शिकवले नाही, तरी मुले एकमेकांचे पाहून तो चालवायला शिकली. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरगावलाही असा संगणक बसला. प्रयोग मोठा उत्साहवर्धक होता यात शंका नाही. पण त्याचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. उत्तराखंडात अल्मोड्याकडे बसवलेल्या अशा भिंती काही वर्षांनी एका संशोधिकेने जाऊन पाहिल्या, तेव्हा त्या बंद पडलेल्या होत्या. यंत्र कोणाचे आणि निगा कोणी राखायची, हे कोणी ठरवलेलेच नव्हते.

२००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या धनगरपाड्यावर दुसरा प्रयोग झाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा हा भारतातला पहिला टप्पा. शाळा एकशिक्षकी, मुले वीस-बावीस. लॅपटॉप हिरवे-पांढरे, रबरी कळफलकाचे, अगदी थोड्या विजेवर चालणारे आणि भर उन्हातही वाचता येतील असे. परदेशातून एक शिक्षणतज्ज्ञ बाई तेथे येऊन राहिल्या. त्यांनी मुलांबरोबर गावच्या शिक्षकांनाही तयार केले. बाई जाणारच होत्या; मास्तर राहणार होते.

तिसरे उदाहरण फलटणचे. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणला राहिल्या, मराठी आपलीशी केली आणि १९८४ साली तेथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. त्या संस्थेच्या शाळेत पुढे डॉ. मित्र यांच्या ‘मेघातल्या शाळे’चे एक केंद्र निघाले. तेथे परदेशातले स्वयंसेवक संगणकाच्या पडद्यावरून मुलांशी गप्पा मारत, गोष्टी वाचून दाखवत. विमानाने न येता शिकवणारे हे स्वयंसेवक! मला मात्र यात संगणकाइतकेच महत्त्व त्या शाळेतल्या बायांचे वाटते. पडद्यावरची आजी बोलायची थांबली की मुलाला पुढचे समजावणारे माणूस खोलीत होते.

हेमलकशाच्या वाटेवर असलेल्या आपल्या स्वयंसेवकाने या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो तीन महिने राहील, फार तर एक वर्ष. तेवढ्यात शिकवण्याजोगे काय आहे? पुष्कळ जण ‘टंकलेखन, मग पत्र लिहिणे, मग तक्ते’ असा ठरीव क्रम घेऊन येतात. माझे मत विचाराल तर त्या क्रमाला घाई नाही. त्याआधी मुलांबरोबर एक असे काम करता येईल, जे शहरात कोणालाच करता येणार नाही.

ते काम कळण्यासाठी संगणक अक्षर कसे ओळखतो ते पाहिले पाहिजे. खरे तर तो अक्षर ओळखतच नाही! त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून माणसांनी बसून एक मोठा तक्ता केला आणि प्रत्येक अक्षराला एक आकडा दिला. सुरुवातीचा अमेरिकन तक्ता फक्त १२८ खणांचा होता. इंग्रजीची अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे भरली की खण संपले. मराठीला जागा नव्हती. मग आपल्याकडे एक युक्ती निघाली: इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. पडद्यावर मराठी दिसे. पण आत इंग्रजीच साठे. त्यामुळे एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निव्वळ अगम्य खिचडी दिसे. तुमच्या शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडताना आजही हा अनुभव कधीकधी येतो.

यावर भारतात ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये काम झाले, भारतीय लिप्यांचा तक्ता ठरला, आणि १९९१ साली जगातल्या सर्व लिप्यांना सामावणारा ‘युनिकोड’ हा तक्ता प्रसिद्ध होऊ लागला. त्यात देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ खण मिळाले. ‘क’चा आकडा २३२५. जगातल्या कोणत्याही संगणकावर २३२५ म्हणजे ‘क’च.

थोडी गंमत करू. ‘क्ष’ हे तुम्हांला एक अक्षर वाटते. संगणकाला ते तीन आकडे आहेत: २३२५ (क), २३८१ (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि २३५९ (ष). ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. संगणक आधी २३२५ साठवतो आणि नंतर वेलांटीचा २३६७. म्हणजे तो बोलण्याचा क्रम पाळतो, लिहिण्याचा नाही!

आता माडियाकडे वळू. माडिया ही द्राविड कुळातली, गोंडीच्या घरातली भाषा. तेलुगू तिची नातेवाईक, मराठी शेजारीण. गोंडीच्या घरातल्या बोलींत घराला ‘लोन’ म्हणतात आणि पाण्याला ‘येर’. उच्चार गावोगाव थोडा बदलतो. हेमलकशाच्या शाळेने लहान मुलांसाठी माडियातून पुस्तके तयार केली, ती देवनागरीत. तेव्हा ‘लोन’ हा शब्द संगणकात घालायला काहीच अडचण नाही: २३५४, २३७९, २३४४. पहिला आकडा चिंचोक्यांच्या भाषेत १००१००११००१० असा होतो. हवे तर बारा मुले उभी करून पडताळून पाहा. आठवतात ना पुठ्ठे? डावीकडच्या पहिल्या मुलाला मात्र २०४८ चिंचोके लागतील.

म्हणजे अक्षरे आली. पण शब्द?

मराठी तपासनीस चालू असलेल्या संगणकावर ‘लोन’, ‘येर’ असे शब्द टाइप करा. त्यांच्याखाली लाल नागमोडी रेघ येईल. पहिल्यांदाच कळफलकाला हात लावणारे दहा वर्षांचे मूल आईने शिकवलेला पहिला शब्द लिहिते, आणि यंत्र त्याला सांगते की हा शब्द चूक आहे. दुसरा लिहिते, तोही चूक. सगळे पान लाल होते. यंत्रावर मुलांचा केवढा विश्वास असतो, ते शिक्षकांना ठाऊक आहे. त्या वेळी ‘ते दुर्लक्ष कर’ म्हणून भागत नाही. ती रेघ कोठून आली, हे मुलाला उघडून दाखवले पाहिजे.

ती येते एका यादीतून. शब्द तपासणाऱ्या आज्ञावलीला भाषा कळत नाही. तिच्याजवळ साध्या मजकुराच्या दोन फायली असतात. एकीत शब्दांची यादी, दुसरीत प्रत्यय लावण्याचे नियम. ‘घर’ यादीत असले आणि ‘-आत’, ‘-आला’, ‘-आचा’ हे नियमांत असले की ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचा’ हे शब्द वेगळे लिहावे लागत नाहीत. तुम्ही शब्द टाइप केला की ती यादी चाळते. सापडला तर गप्प, नाही सापडला तर लाल रेघ. म्हणजे लाल रेघेचा खरा अर्थ ‘हा शब्द माझ्या यादीत नाही’ एवढाच. यादी ज्याने केली त्याला माडिया येत नव्हती, इतकेच त्यातून सिद्ध होते.

आणि यादी तर कोणीही करू शकते! येथेच स्वयंसेवकाचे काम सुरू होते. वर्गातल्या मुलांनी दर आठवड्याला पन्नास शब्द आणायचे: झाडे, मासे, पक्षी, नाती, स्वयंपाकाची भांडी, शिकारीची आणि शेतीची हत्यारे. सुट्टीत घरी गेले की आजीला विचारायचे. आल्यावर टाइप करून यादीत घालायचे. फाइल जाळ्यावरच्या दहाही संगणकांना द्यायची. पुढच्या आठवड्यात तेच पान पुन्हा उघडायचे. काही लाल रेघा गेलेल्या असतात! ज्या यंत्राने शब्द चूक ठरवला होता, त्याला मुलांनी तो शब्द शिकवलेला असतो. संगणक म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, आज्ञावली कशी विचार करते, हे सारे त्या एका पानात येते. टंकलेखनही आपोआप होते, कारण टाइप करण्याजोगे काहीतरी हाती असते.

पण हे काम दिसते तितके सरळ नाही. पहिल्याच दिवशी वाद होईल. एका गावचे मूल शब्द एका तऱ्हेने म्हणेल, नदीपलीकडच्या गावचे दुसऱ्या. कोणता घ्यायचा? दोन्ही घ्यावेत, आणि शेजारी गावाचे नाव लिहावे. भाषेचे शास्त्रज्ञही हेच करतात. दुसरी अडचण स्वयंसेवकाच्या कानाची. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे भेद आपण करत नाही. तेलुगूसारख्या द्राविड भाषांत तो भेद असतो आणि त्याने शब्दाचा अर्थ बदलतो. मराठी कान तो ऐकतच नाही. म्हणून स्वयंसेवकाने ऐकून लिहायला बसू नये. मुलांनी म्हणावे, मुलांनीच ठरवावे. त्याचा कान चुकला आणि चुकलेले रूप यादीत गेले, तर ते दहा संगणकांवर जाईल, दहांचे शंभर होतील, आणि उद्या कोणी ते ‘अधिकृत माडिया’ म्हणून छापील. कागदावरची चूक एका वहीत राहते. फाइलमधली चूक प्रवास करते.

अशा स्वरांसाठी युनिकोडच्या देवनागरीत मुद्दाम खण ठेवलेले आहेत: २३१८ वर ऱ्हस्व ‘ऎ’ आणि २३२२ वर ऱ्हस्व ‘ऒ’. तुमच्या बाराखडीत ते नसतात. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांत आपण जो ‘ऱ’ वापरतो ना, त्याचा २३५३ हा खणही द्राविड भाषांतल्या एका र-कारासाठी म्हणून नोंदलेला आहे. मराठी त्याचा अर्धा तुकडा वापरते. तक्त्यातले शेजार असे मजेचे असतात.

गोंडीला स्वतःच्या लिप्याही आहेत. १९१८ साली बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी एक लिपी तयार केली. ती ‘मसराम गोंडी’ या नावाने २०१७ साली युनिकोडात आली. दुसरी चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत सापडली. तिला २०१८ साली खण मिळाले. माडियाचे पुस्तक कोणत्या लिपीत छापायचे, हे माडिया लोक ठरवतील. संगणकाची आता कशालाच ना नाही.

आणखी एक तक्ता आहे, तो भाषांचा. जगातल्या प्रत्येक भाषेला तीन इंग्रजी अक्षरांचा संकेत दिलेला असतो. मराठीचा ‘एम-ए-आर’. माडियाचा, ‘मारिया’ या नावाखाली, ‘एम-आर-आर’. यादीची फाइल करताना तिच्या नावात हा संकेत घातला, की ती कोणत्या भाषेची आहे हे संगणकाला कळते. पडद्यावरच्या भाषांच्या रांगेत माडिया उभी राहू शकते. मुलांना हे करून दाखवा आणि त्यांचे चेहरे पाहा.

शब्दांबरोबर आवाजही साठवावा. आजी झाडांची नावे सांगते आहे, तर ती ऐकून संगणक आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला १६,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मापाला दोन बाइट देतो. मिनिटाला १६,००० × २ × ६० म्हणजे १९,२०,००० बाइट, अदमासे दोन मेगाबाइट. बोटाच्या पेराएवढ्या ३२ गिगाबाइटच्या कार्डात अडीचशे तासांहून अधिक बोलणे मावते. मात्र आजीला आधी विचारावे. तिची गोष्ट तिची आहे. ती गावाबाहेर कोणाला ऐकवायची की नाही, तेही तिनेच सांगावे.

या याद्यांना आज वेगळेच महत्त्व आले आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही, आणि तिच्यातला छापील मजकूर थोडा आहे. आता भाषांतर करणारी यंत्रे निघाली आहेत. केंद्र सरकारच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने २०२५ साली ‘आदि वाणी’ नावाची भाषांतर-प्रणाली खुली केली; तिच्या पहिल्या भाषांत संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत. अशी यंत्रे व्याकरणाचे पुस्तक वाचून शिकत नाहीत. एकाच अर्थाची दोन भाषांतली हजारो वाक्ये त्यांना द्यावी लागतात, आणि त्या जोड्यांवरून ती अंदाज बांधायला शिकतात. जिची वाक्ये नाहीत, ती भाषा यंत्रापुरती अस्तित्वातच नाही. शेजारच्या राज्यातल्या गोंडीवर शिकलेले यंत्र भामरागडच्या आजीचे बोलणे नीट समजेल, हे गृहीत धरता येत नाही. दवाखान्यात उद्या असे यंत्र आले, आणि ‘पोटात दुखते’ला त्याने ‘पाठीत दुखते’ म्हटले तर? यंत्राला योग्य वाक्य देणारी माणसे जगात फार थोड्या गावांत आहेत. त्यांतली बरीच मुले हेमलकशासारख्या आश्रमशाळांच्या बाकांवर बसलेली आहेत.

म्हणून निघण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात स्वयंसेवकाने शिकवणे थांबवावे आणि मागच्या बाकावर बसावे. आठवीच्या मुलींनी पाचवीच्या मुलांना शिकवू द्यावे. बॅटरीत पाणी कोण घालणार, धूळ कोण झाडणार, यादीची दुसरी प्रत कोणत्या कार्डावर राहणार, हे मुलांनी आणि शाळेच्या मास्तरांनी वहीत लिहून काढावे. एक जुना संगणक मुलांना पूर्ण उघडू द्यावा. मोडला तर मोडला. नंतर कधी तरी चालू यंत्र बंद पडेल तेव्हा स्क्रू कोठे असतात हे ठाऊक असलेला निदान एक जण लागतो, आणि त्या वेळी तुम्ही पुण्यात असाल.

करून पाहा: हेमलकशाला जायला अवकाश असेल तर हा प्रयोग घरीच करा. तुमच्या आजीकडून पन्नास शब्द घ्या: वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी, झाडीबोली, जी तुमची असेल ती. संगणकावर मराठीचा शब्दतपासनीस चालू करून ते टाइप करा आणि किती शब्दांखाली लाल रेघ येते ते मोजा. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, सांगणाऱ्याचे गाव आणि साल लिहा. मग तपासनिसाच्या यादीत ते शब्द घाला आणि पुन्हा मोजा. वर्गातल्या सर्वांच्या याद्या एकत्र केल्यावर एकाच वस्तूला किती गावांत किती नावे निघतात, ते भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या टोचून दाखवा. टाचण्या कमी पडतील. दोन डब्या आणून ठेवा.